तीन भूकंप, तीन प्रश्न : जपानमधील आपत्ती-परिचर्या आणि रुग्णालयीन माहितीव्यवस्थेची घडण

भूकंप, त्सुनामी किंवा महापूर यांचा इतिहास लिहिताना मृतांची संख्या, कोसळलेल्या इमारती आणि मदतकार्याचा तपशील यांना अग्रस्थान मिळते. आपत्तीच्या क्षणी रुग्णालयातील माहितीचे काय झाले, हा प्रश्न मात्र सहसा मागे राहतो. वास्तविक रुग्णालयाचे रोजचे काम माहितीवरच चालते. कोणत्या खाटेवर कोण आहे, त्याला कोणते औषध किती वाजता दिले, सलाईन कधी बदलायची, कोणाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे आणि पुढच्या पाळीवर येणाऱ्या परिचारिकेने काय लक्षात ठेवायचे, या साऱ्याची नोंद प्रामुख्याने परिचारिका करतात आणि पाळी बदलताना त्याच ती एकमेकींकडे सोपवतात. त्यामुळे वीज गेली, पाणी थांबले आणि केसपेपर हाताशी उरले नाहीत, तर त्याचा पहिला भार परिचारिकांवर पडतो. आणि म्हणूनच रुग्णालयाच्या आपत्तीसिद्धतेचा इतिहास हा फार मोठ्या प्रमाणात परिचर्येचा आणि तिच्या साधनांचा इतिहास ठरतो.

हा इतिहास जितक्या सलगपणे जपानमध्ये पाहता येतो तितका तो इतरत्र क्वचितच दिसतो. १९९५ चा कोबेचा भूकंप, २०११ ची ईशान्य किनाऱ्यावरील त्सुनामी आणि २०१६ चा कुमामोतोचा भूकंप या तीन आपत्तींनी तेथील आरोग्ययंत्रणेला तीन वेगवेगळे प्रश्न विचारले. कोबेने विचारले की कोणत्या रुग्णालयात खाट, पाणी आणि वीज शिल्लक आहे. त्सुनामीने विचारले की समोर बसलेला रुग्ण काल कोणती औषधे घेत होता. कुमामोतोने विचारले की कोणत्या निवारा केंद्रात आज कोणता आजार वाढतो आहे. यांपैकी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देणारी व्यवस्था जपानने उभारली. मात्र पहिल्या दोन वेळा तो प्रश्न पडल्यानंतर ती उभी राहिली, आणि या विलंबाची किंमत माणसांनी मोजली.

१७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे शहर आणि अवाजी बेट यांना हादरवणाऱ्या, जपानी मापनानुसार ७.३ तीव्रतेच्या भूकंपात ६,४३४ माणसे मृत्युमुखी पडली. कोबेच्या पश्चिम भागातील महापालिकेच्या एका रुग्णालयाचा पाचवा मजला पूर्णपणे दबला गेला आणि त्यावरील रुग्ण व कर्मचारी आत अडकले. ज्या रुग्णालयांच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांपैकी अनेकांत काम चालवणे कठीण झाले, कारण नळाचे पाणी बंद होते, गॅस बंद होता आणि दूरध्वनीचे जाळे गर्दीने तुंबले होते. काही ठिकाणी आणीबाणीसाठी बसवलेले जनरेटरही चालले नाहीत. त्यांचे इंजिन थंड ठेवण्यासाठी नळाचे पाणी लागत असे आणि जलवाहिन्या फुटल्यामुळे ते मिळत नव्हते. विजेची पर्यायी सोय पाण्याच्या नेहमीच्या सोयीवर अवलंबून ठेवल्याने दोन्ही एकाच वेळी निकामी झाल्या.

या भूकंपाने जपानी डॉक्टरांना आणि परिचारिकांना ज्या विकाराची प्रकर्षाने ओळख करून दिली, तो म्हणजे क्रश सिंड्रोम. ढिगाऱ्याखाली तासन्‌तास दबलेल्या हातापायांचे स्नायू मरू लागतात आणि माणसाला बाहेर काढून दाब दूर होताच त्या स्नायूंतील पोटॅशियम व मायोग्लोबिन हे घटक रक्तात मिसळतात. पोटॅशियममुळे हृदय बंद पडू शकते आणि मायोग्लोबिनमुळे मूत्रपिंडे निकामी होतात. बाहेर काढलेला माणूस सुरुवातीला शुद्धीवर असतो, बोलतो, फारशी जखमही दिसत नाही, आणि काही तासांत तो दगावतो. त्याला वाचवण्यासाठी भरपूर सलाईन आणि डायलिसिस लागते, आणि डायलिसिसच्या एका चार तासांच्या सत्राला सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी लागते. कोबेत पाणी नव्हते. मात्र थोड्याच अंतरावरील ओसाकात पाणी, वीज, खाटा आणि डायलिसिसची यंत्रे हे सारे उपलब्ध होते. तरीही पहिल्या दिवशी हेलिकॉप्टरने हलवला गेलेला रुग्ण एकच होता. रस्ते कोंडले होते हे खरे, परंतु त्याहून मोठी अडचण अशी की कोणत्या रुग्णालयावर किती भार आहे आणि कोठे जागा मोकळी आहे, हे एकत्रितपणे सांगणारी कोणतीच व्यवस्था हाताशी नव्हती. परिणामी शहरातील काही रुग्णालये ओसंडून वाहत असताना इतर काही रुग्णालयांत मोजकेच जखमी पोहोचत होते. सर्वसामान्य परिस्थितीतील उपचार मिळाले असते तर सुमारे ५०० मृत्यू टळले असते, असा अंदाज नंतरच्या अभ्यासांतून पुढे आला.

हे नंतरचे अभ्यासही रुग्णालयीन नोंदींचे महत्त्व दाखवून देतात. भूकंपानंतर संशोधकांनी ९५ रुग्णालयांतील केसपेपर तपासून पहिल्या पंधरा दिवसांत दाखल झालेल्या ६,१०७ रुग्णांची माहिती संकलित केली आणि त्यांत क्रश सिंड्रोमचे ३७२ रुग्ण आढळले. आपत्तीच्या धावपळीत ज्या परिचारिकांनी रुग्णाची वेळ, लघवीचे प्रमाण आणि रक्तदाब कागदावर उतरवून ठेवला, त्यांच्या त्या नोंदींवरच पुढील पिढीचे उपचारशास्त्र उभे राहिले. जेथे कामाच्या ताणामुळे काहीच लिहिले गेले नाही, तेथील अनुभव मात्र तेथल्या माणसांच्या आठवणीपुरताच उरला.

कोबेनंतरच्या पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, जपान सरकारने तीन निर्णय अमलात आणले आणि तिन्हींचा गाभा माहितीचा होता. पहिला निर्णय आपत्ती-आधार रुग्णालये नेमण्याचा. भूकंपरोधक इमारत, हेलिकॉप्टर उतरवण्याची सोय, पाणी, अन्न व औषधे यांचा साठा आणि बाहेरून मोठ्या संख्येने येणारे रुग्ण स्वीकारण्याची तयारी असलेल्या रुग्णालयांना हा दर्जा देण्यात आला. आज अशा रुग्णालयांची संख्या सातशेच्या वर आहे. दुसरा निर्णय रुग्णवर्गीकरणाच्या चिठ्ठीचे प्रमाणीकरण करण्याचा. मोठ्या अपघातात कोणाला आधी उपचार द्यायचे हे ठरवण्यासाठी प्रत्येक जखमीच्या मनगटाला एक चिठ्ठी बांधतात. तिच्या खालच्या टोकाला काळा, लाल, पिवळा आणि हिरवा असे चार रंगांचे पट्टे असतात आणि नको असलेले पट्टे फाडून टाकले की टोकाला उरलेला रंग रुग्णाची निकड सांगतो. लाल म्हणजे तातडीचा, पिवळा म्हणजे थोडा थांबू शकणारा, हिरवा म्हणजे किरकोळ जखमी, आणि काळा म्हणजे मृत किंवा ज्याच्यासाठी काही करता येण्याची शक्यता उरलेली नाही असा. जपानी चिठ्ठीचे वैशिष्ट्य असे की ती तीन प्रतींची असते : एक घटनास्थळी राहते, दुसरी रुग्णाला नेणाऱ्या पथकाकडे आणि तिसरी त्याला दाखल करून घेणाऱ्या रुग्णालयात. एकच नोंद तीन ठिकाणी ठेवण्याचे हे तत्त्व पुढे संगणकीय व्यवस्थेने स्वीकारले, परंतु त्याचा पहिला व्यवहार्य नमुना या साध्या कागदात आहे.

तिसरा निर्णय सर्वांत दूरगामी ठरला, तो म्हणजे व्यापक आपत्ती आणि तातडीची वैद्यकीय माहिती यांसाठी संगणकीय जाळे उभारण्याचा. एमिस या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जाळ्यात आपत्तीनंतर प्रत्येक रुग्णालयाने दोन टप्प्यांत माहिती भरायची असते. पहिल्या टप्प्यात इमारत कोसळण्याचा धोका आहे काय, वीज, पाणी व प्राणवायू चालू आहे काय, रुग्णांची गर्दी आवाक्याबाहेर गेली आहे काय, अशा मोजक्या प्रश्नांना केवळ होय किंवा नाही असे उत्तर द्यायचे. दुसऱ्या टप्प्यात रुग्णांची संख्या, हलवण्याची गरज आणि उरलेला साठा यांचे आकडे भरायचे. प्रश्न इतके साधे ठेवण्यामागे विचार होता. भूकंपानंतरच्या पहिल्या तासात लांबलचक तक्ते भरायला कोणालाही सवड नसते, आणि अपुरी पण वेळेवर आलेली माहिती ही परिपूर्ण पण उशिरा आलेल्या माहितीपेक्षा अधिक जीव वाचवते. या माहितीच्या आधारे कामाला लागणारी प्रशिक्षित पथके २००५ पासून राष्ट्रीय पातळीवर सिद्ध झाली. डीमॅट नावाच्या अशा पथकात डॉक्टर आणि परिचारिका यांच्यासोबत एक समन्वयक असतो आणि संपर्क, वाहतूक व नोंदी एवढेच त्याचे काम असते. उपचार करणाऱ्याच्या डोक्यावरून नोंदींचा भार काढून तो स्वतंत्र माणसाकडे सोपवणे, हे कोबेच्या अनुभवातून आलेले शहाणपण होते.

परिचर्येच्या क्षेत्रातही कोबेने नवी ज्ञानशाखा जन्माला घातली. ह्योगो प्रांतातील परिचर्या महाविद्यालयाच्या प्रमुख हिरोको मिनामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपत्तीतील परिचर्येचा स्वतंत्र अभ्यास हाती घेतला आणि डिसेंबर १९९८ मध्ये जपानी आपत्ती-परिचर्या संस्थेची स्थापना झाली. याच मिनामी पुढे २००५ ते २००९ या काळात आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या अध्यक्षा होत्या. २००८ मध्ये आपत्ती-परिचर्येची जागतिक संस्था स्थापन झाली आणि २००९ मध्ये या परिषदेने आपत्तीत परिचारिकेला कोणती कौशल्ये अवगत असावीत याची चौकट प्रसिद्ध केली. या शाखेने आपत्तीला एका दिवसाची घटना न मानता पूर्वतयारी, तातडीचा काळ, निवारा केंद्रांतील मुक्काम आणि दीर्घ पुनर्वसन अशा सलग अवस्थांचे चक्र मानले. निवारा केंद्रातील वृद्धाची झोप, शौचालय लांब असल्याने पाणी कमी पिण्याची सवय आणि त्यातून पायांत होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्या यांसारखे प्रश्न परिचारिकांनी टिपले.

आपत्तीपूर्वीच केलेल्या तयारीचे एक लक्षणीय उदाहरणही कोबेच्या भूकंपाच्याच वर्षातले, १९९५ मधले आहे. तोक्योतील सेंट ल्यूक रुग्णालयाची १९९२ मधील नवी इमारत उभारताना तेथील ज्येष्ठ डॉक्टर शिगेआकी हिनोहारा यांनी प्रार्थनागृहाच्या आणि मार्गिकांच्या भिंतींतही प्राणवायूच्या नळ्या बसवण्याचा आग्रह धरला, कारण युद्धकाळातील बॉम्बवर्षावात जखमींना जागा देता आली नव्हती, ही वेदना त्यांनी अनुभवली होती. २० मार्च १९९५ रोजी तोक्योच्या भुयारी रेल्वेत सारिन या विषारी वायूचा हल्ला झाला आणि एकाच दिवशी ६४० बाधित या रुग्णालयात आले, तेव्हा मार्गिका आणि प्रार्थनागृह यांचे वॉर्डात रूपांतर करता आले. ही आपत्ती मानवनिर्मित होती. परंतु एका संकटाच्या अनुभवातून केलेली तयारी अन्य संकटातही कामी येते, हे तिने दाखवून दिले.

दरम्यान जपानी रुग्णालयांत केसपेपर कागदावरून संगणकावर जाऊ लागले होते. एप्रिल १९९९ मध्ये सरकारने वैद्यकीय नोंदी केवळ संगणकीय रूपात ठेवण्यास परवानगी दिली, पण त्यासाठी तीन अटी घातल्या : नोंद खरी असावी आणि कोणी केली हे सिद्ध करता यावे, ती हवी तेव्हा वाचता यावी, आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत ती टिकावी. सुरुवातीला या नोंदींचे संगणक रुग्णालयाच्याच आवारात ठेवले जात. २०१० मध्ये खासगी माहिती केंद्रांत त्या साठवण्याचा मार्ग मोकळा झाला. वाचता येणे आणि टिकणे या दोन अटी शांततेच्या काळात तांत्रिक वाटत होत्या. ११ मार्च २०११ रोजी त्यांचा खरा अर्थ समोर आला.

त्या दिवशी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी झालेल्या ९.० तीव्रतेच्या भूकंपानंतर उसळलेल्या त्सुनामीत सुमारे १५,९०० माणसे मृत्युमुखी पडली आणि अडीच हजारांहून अधिक बेपत्ता झाली. मिनामिसानरिकु गावातील सार्वजनिक रुग्णालयाच्या पाच मजली इमारतीत चौथ्या मजल्यापर्यंत पाणी शिरले. कर्मचाऱ्यांनी पाठीवर घेऊन वर नेलेले रुग्ण वाचले, तरी सुमारे सत्तर रुग्णांचा अंत झाला. रिकुझेनताकाता येथील प्रांतीय रुग्णालयातही पाणी चौथ्या मजल्यावर पोहोचले. अशा रुग्णालयांत कागदी केसपेपर समुद्राने नेले, तर जेथे नोंदी संगणकीय होत्या, तेथे तळमजल्यावरील संगणक बुडाले. कागद असो वा संगणक, एकाच इमारतीत असलेली माहिती त्या इमारतीबरोबर नष्ट झाली.

येथे इशिनोमाकी शहरातील दोन रुग्णालयांचा इतिहास विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. समुद्राजवळील महापालिका रुग्णालयाचा तळमजला पाण्याखाली गेला आणि तेथील नोंदींचा मुख्य संगणक निकामी झाला. परंतु या रुग्णालयाने पर्वतरांगेपलीकडील यामागाता शहराच्या महापालिका रुग्णालयाशी परस्परांच्या नोंदींची प्रत एकमेकांकडे ठेवण्याची व्यवस्था थोड्याच काळापूर्वी केली होती, आणि त्यामुळे तेथील रुग्णांची माहिती परत मिळवता आली. दुसरे रुग्णालय रेडक्रॉसचे. २००६ मध्ये ते किनाऱ्यापासून आत नव्या जागी हलवताना जमीन भरावाने उंच केली गेली आणि इमारत आधार-विलगीकरण पद्धतीने उभारली गेली. या पद्धतीत इमारत आणि पाया यांच्यामध्ये रबराचे व पोलादाचे थर असलेले आधार बसवतात, जेणेकरून जमीन हादरली तरी तो हादरा वर पुरता पोहोचत नाही. इमारतच नव्हे, तर आतील सलाईनचे स्टँड, कृत्रिम श्वासोच्छ्वासाची यंत्रे आणि संगणक हेही जागेवर राहतात. त्सुनामीनंतर या भागातील मोठे रुग्णालय म्हणून तेच चालू राहिले आणि तिसऱ्या दिवशी एका दिवसात बाराशेहून अधिक रुग्ण तेथे आले.

या रुग्णालयातील शल्यचिकित्सक तादाशी इशी यांनी केलेले काम माहितीव्यवस्थेच्या इतिहासात मोलाचे आहे. परिसरातील तीनशेच्या आसपास निवारा केंद्रांत किती माणसे आहेत, तेथे अन्न, पाणी व शौचालये आहेत काय, कोणाला ताप किंवा जुलाब आहेत, हे कोणत्याही सरकारी कार्यालयाला ठाऊक नव्हते, कारण ती कार्यालयेही पुरात सापडली होती. इशी यांनी बाहेरून आलेल्या पथकांना ठरावीक नमुन्याचे तक्ते देऊन अवघ्या तीन दिवसांत सर्व केंद्रांची पाहणी करवून घेतली आणि नंतर परिसराचे १४ विभाग पाडून प्रत्येक विभाग ठरावीक पथकांकडे सोपवला. येथे वापरलेले साधन कागदी होते. यश आले ते सर्वांनी एकच तक्ता, एकाच पद्धतीने, रोज भरल्यामुळे.

२०११ चा प्रश्न कोबेपेक्षा वेगळा होता, हे मात्र सर्वांना उशिरा उमगले. देशभरातून डीमॅटची तीनशेहून अधिक पथके धावली, पण ती गंभीर जखमींसाठी घडवलेली होती. त्सुनामीने बहुतेकांना एकतर बुडवले किंवा फारशी जखम न करता सोडले. मागे उरलेले बहुसंख्य रुग्ण रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचे आणि मनाचे विकार असलेले वृद्ध होते आणि त्यांची औषधे घरासह वाहून गेली होती. ‘सकाळी एक पांढरी गोळी घेत असे’ यापलीकडे अनेकांना सांगता येत नव्हते. औषधाच्या चिठ्ठीविना औषध देण्याची मुभा सरकारने तातडीने दिली, पण कोणते औषध द्यायचे हे मुळात कळायला हवे होते.

अशा वेळी एका लहानशा वहीने मोठी कामगिरी केली. जपानमध्ये औषध दुकानदार प्रत्येक खरेदीच्या वेळी औषधाचे नाव, मात्रा आणि तारीख यांची नोंद रुग्णाच्या हाती दिलेल्या वहीत करतो. तिला ओकुसुरी तेचो म्हणजे औषधवही म्हणतात. १९९३ मध्ये दोन औषधांच्या घातक संयोगाने रुग्ण दगावल्यानंतर अशा वहीची गरज पुढे आली, आणि कोबेच्या भूकंपानंतर ती विशेष प्रचारात आली. २०११ मध्ये ज्यांनी पळताना ही वही बरोबर घेतली, त्यांना परक्या डॉक्टरांकडूनही पहिल्याच भेटीत योग्य औषध मिळू शकले. तिला ना वीज लागत होती, ना दूरध्वनी. आणि ती रोजच्या वापरातली असल्यामुळे तिचा उपयोग कोणाला शिकवावा लागत नव्हता. ज्यांची वही पाण्यात गेली, त्यांच्यासाठी मात्र दुसरी प्रत कोठेच नव्हती.

याच वर्षी एमिसचीही उणीव उघडी पडली. सर्वाधिक नुकसान झालेल्या किनारी रुग्णालयांत वीज आणि दूरध्वनी दोन्ही गेल्याने ती माहिती भरूच शकली नाहीत. यातून दोन धडे घेतले गेले. एक, जे रुग्णालय गप्प आहे तेच सर्वाधिक संकटात आहे असे गृहीत धरून तेथे माणूस पाठवायचा आणि बाहेरच्या पथकाने किंवा प्रांतीय कार्यालयाने त्याच्या वतीने माहिती भरायची. दुसरा, २०१२ मध्ये आपत्ती-आधार रुग्णालयांच्या अटी कडक करण्यात आल्या : नेहमीच्या गरजेच्या सुमारे ६० टक्के वीज देणारा जनरेटर, तीन दिवसांचे इंधन आणि उपग्रह दूरध्वनी बंधनकारक झाले. नोंदींच्या बाबतीत मियागी प्रांताने रुग्णालये, दवाखाने आणि औषध दुकाने यांना जोडणारे जाळे उभारले आणि त्यातील माहितीच्या प्रती दूर सुरक्षित ठेवल्या. राष्ट्रीय विद्यापीठांच्या रुग्णालयांनीही आपल्या नोंदींच्या प्रती देशाच्या पूर्व आणि पश्चिम अशा दोन भागांत ठेवण्याची योजना राबवली. या प्रतींचे स्वरूप ठरावीक राहिले पाहिजे, अन्यथा एका कंपनीच्या प्रणालीतील नोंद दुसरीत उघडत नाही, म्हणून सर्वांना वाचता येईल अशा साठवणुकीच्या सामाईक पद्धतीवर भर दिला गेला.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बाहेरून आले. फिलिपिन्सच्या आरोग्य खात्याने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने आपत्तीनंतरच्या आजारांची रोजची मोजणी करण्याची पद्धत बसवली होती आणि नोव्हेंबर २०१३ मधील हैयान चक्रीवादळानंतर तेथे गेलेल्या जपानी वैद्यकीय पथकाने ती प्रत्यक्ष पाहिली. जपानमध्ये प्रत्येक मदतपथक आपापला केसपेपर वापरी आणि त्यामुळे आकड्यांची बेरीज होत नसे. फिलिपिन्सच्या धर्तीवर २०१५ पर्यंत आपत्तीतील सामाईक केसपेपर तयार झाला आणि त्याच्या सोबतीला जे-स्पीड नावाचा एक पानी तक्ता आला, ज्यात प्रत्येक रुग्णासाठी वयोगट, दुखापत, ताप, जुलाब, श्वसनविकार, मानसिक ताण अशा चौकटींत केवळ खुणा करायच्या असतात. दिवस संपताना परिचारिका किंवा समन्वयक त्या खुणांची बेरीज पाठवतो आणि रात्रीच समन्वय केंद्राला कोणत्या केंद्रात काय वाढते आहे ते दिसते. एप्रिल २०१६ मध्ये कुमामोतोत लागोपाठ दोन मोठे भूकंप झाले, तेव्हा ही पद्धत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आणि आठ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद एकाच नमुन्यात जमा झाली. या वेळी उत्तर प्रश्नाच्या आधी तयार होते. याच कल्पनेवर आधारलेला किमान माहितीचा नमुना जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये आपत्कालीन वैद्यकीय पथकांसाठी स्वीकारला आणि २०१९ मध्ये मोझांबिकमधील इदाई चक्रीवादळात तो प्रथम उपयोगात आला. एका गरीब देशाने गरजेतून घडवलेली पद्धत श्रीमंत देशाने घेतली, सुधारली आणि जगाला परत दिली, ही या इतिहासातील सर्वांत उमेद देणारी घटना आहे.

१ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा २०११ च्या प्रश्नाला पुष्कळ अंशी उत्तर मिळाले होते. आरोग्य विम्याच्या राष्ट्रीय संगणकीय व्यवस्थेत आपत्तीकाळासाठी विशेष सोय सुरू करण्यात आली आणि ओळखपत्र हरवलेल्या रुग्णाचीही संमती घेऊन, नाव व जन्मतारीख अशा तपशिलांवरून, त्याची पूर्वीची औषधे पाहता येऊ लागली. औषधवहीची दुसरी प्रत अखेर तयार झाली होती. तरीही रस्ते तुटलेले आणि नळ कोरडे असलेल्या त्या भागात डायलिसिसच्या रुग्णांना दूर हलवावे लागलेच. माहिती उपलब्ध असली तरी पाण्याची जागा ती घेऊ शकत नाही.

या तीन दशकांचे परिशीलन महाराष्ट्राला परके नाही. कोबेच्या सव्वा वर्ष आधी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि त्यानंतरच राज्यात आपत्ती नियंत्रण कक्ष आणि जिल्हावार आराखडे आले. २६ जानेवारी २००१ रोजी शेजारच्या कच्छमध्ये भूजचे जिल्हा रुग्णालय रुग्णांसह कोसळले, आणि त्या जागी २००४ मध्ये उभे राहिलेले ३०० खाटांचे नवे रुग्णालय इशिनोमाकीच्या रेडक्रॉस रुग्णालयाप्रमाणेच आधार-विलगीकरण पद्धतीचे आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबई बुडाली. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या पुराने रुग्णालयांतही पाणी शिरले आणि वीज गेली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये रुग्णालय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तर २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली प्रत्येक नागरिकाला आरोग्यखाते क्रमांक देण्याचे काम चालू आहे. म्हणजे इमारतीच्या सुरक्षेचा आणि संगणकीय नोंदींचा विचार आपल्याकडेही सुरू झाला आहे. पण हे दोन विचार अद्याप वेगवेगळ्या फायलींत चालतात.

जपानच्या अनुभवातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. आपत्तीत जी व्यवस्था उपयोगी पडली ती एकतर रोजच्या वापरातली होती किंवा वापरायला इतकी सोपी होती की थकलेल्या माणसालाही ती जमावी. जी माहिती वाचली तिची दुसरी प्रत दूर, वेगळ्या नदीच्या खोऱ्यात किंवा डोंगरापलीकडे होती. आणि जेथे संगणक बंद पडला तेथे कागदाचा तक्ता आधीपासून छापून, सराव करून तयार ठेवलेला असला तरच काम थांबले नाही. हे सारे घडवताना परिचारिकांना केवळ वापरकर्त्या न मानता आखणीत बसवणे अपरिहार्य आहे, कारण रात्रपाळीत वीज गेल्यावर सलाईनच्या पंपाची बॅटरी किती वेळ चालते, कोणत्या रुग्णाला हाताने श्वास द्यावा लागेल आणि त्याची नोंद कोठे करायची, हे त्यांनाच ठाऊक असते. कोकणच्या किनाऱ्यावरील, कृष्णा-पंचगंगेच्या काठावरील आणि मराठवाड्याच्या भूकंपप्रवण पट्ट्यातील प्रत्येक रुग्णालयाने पुढच्या पावसाळ्याआधी आपला जनरेटर कोणत्या मजल्यावर आहे, नोंदींची दुसरी प्रत कोठे आहे आणि संगणक बंद पडल्यास वापरायचे छापील केसपेपर कोणत्या कपाटात आहेत, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी देऊन त्यांचा सराव करावा. जपानला ही उत्तरे शोधण्यासाठी हजारो प्राण गमवावे लागले; ती आता सर्वांना उपलब्ध असताना पुन्हा त्याच किमतीत विकत घेण्याचे काहीच कारण नाही.